चौदा दिवसांचा नियम

५ जानेवारी, सोमवार

जमीन नोंदणी कार्यालयात बत्तीस वर्षं काढली. तिथे नवी वही उघडली की ती कशाची आहे हे पहिल्या पानावर लिहायची पद्धत होती, म्हणून लिहितो. ही वही माझी, ऑल्डन वीब, वय चौसष्ट, मूस जॉ, सस्कॅचवान. खाजगी आहे. ख्रिसमसला माझ्या बायकोने, डोरीनने दिली. मी दिवसभरात जे बोलतो त्यातलं निम्मं वहीला सांगितलं तर घरात जरा शांतता राहील, असं तिचं म्हणणं.

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे एकच काम आहे, आणि ते मला कोणी दिलेलं नाही, मी मागून घेतलं आहे. किलडियर नावाचा एक प्रोग्राम आहे. लहान गावांच्या आइस रिंक (बर्फावर स्केटिंगची मैदानं), पंपघरं, भाज्यांची काचघरं अशा ठिकाणी तो सेन्सरांवर लक्ष ठेवतो आणि काही बिघडलं की माणसांना कळवतो. तो कोणा कंपनीचा नाही. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिला आहे आणि कोणीही फुकट घ्यावा. त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगिन्स, अकराशे चाळीस आहेत. बहुतेक कोणीतरी एकट्याने घरी बसून लिहिलेली. कोणत्या प्लगिनची नवी आवृत्ती कोणी अपलोड करायची, याची एक यादी असते. यादीत ज्याचं नाव, त्यालाच परवानगी. ती यादी मी सांभाळतो. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. यादी सांभाळता येते.

माझ्याबरोबर ईशबेल मॅकरे आहे, नोव्हा स्कोशियाची. ती प्रोग्राम लिहिते. यादीत बदल करायचा तर आम्हा दोघांची संमती लागते. नियम एकूण नऊ आहेत. नऊही मी लिहिले.

डोरीन विचारते, या यादीत एवढं काय आहे? मी तिला सांगितलं की उद्या भलत्याच माणसाला परवानगी मिळाली आणि त्याने काही वाईट घालून आवृत्ती चढवली, तर परवा सकाळी ते शेकडो गावांच्या यंत्रांत शिरलेलं असेल. ती म्हणाली, "मग ठीक आहे, सांभाळ." मग म्हणाली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा राहिलाय.

९ जानेवारी, शुक्रवार

विनंती क्रमांक ७१२. अर्जदार जोलीन कार्डिनल. एल्म क्रॉसिंग नावाच्या गावात रिंकचं थंडाव्याचं यंत्र चालवते. तिला 'अमोनिया-हाक' या प्लगिनची परवानगी हवी आहे.

रिंकचा बर्फ अमोनियाने गोठवतात. अमोनिया गळला तर माणसं मरू शकतात. हे प्लगिन तीनशे बारा ठिकाणी आहे. वास माणसांना लागायच्या आत ते ठरलेल्या लोकांच्या फोनवर संदेश पाठवतं. संदेश पोहोचवणाऱ्या सेवेने आता कळवलंय की वीस जानेवारीपासून जुन्या पद्धतीने आलेले संदेश ती घेणार नाही. नव्या पद्धतीची दुरुस्ती जोलीनने लिहून तयार ठेवली आहे. पण ती चढवता येत नाही, कारण यादीत नाव एकट्या रोल्फ ब्यार्नासनचं आहे. प्लगिन मूळ त्याचं. तिने त्याला नोव्हेंबरपासून तीनदा लिहिलं. उत्तर नाही.

नियम ४: मालक उत्तर देत नसेल तर यादी सांभाळणाऱ्याने त्याला ईमेलने कळवावं, आणि चौदा दिवस वाट पाहून मगच दुसऱ्याला परवानगी द्यावी. मी आज रोल्फला कळवलं. चौदा दिवस तेवीस तारखेला पुरे होतात. जोलीनला तसं लिहिलं. तिने उत्तरात फक्त "वीस < तेवीस" असं लिहून पाठवलं. गणित बरोबर आहे.

१० जानेवारी

रोल्फचं उत्तर नाही. बाहेर उणे चौतीस अंश. इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या हीटरची वायर रात्रभर भिंतीत खोचून ठेवली, तरी गाडी कुरकुरत सुरू झाली.

१२ जानेवारी, सोमवार

जोलीनचा फोन आला. माझा नंबर डिरेक्टरीत आहे. डिरेक्टरी अजून कोणी उघडतं हे मला माहीत नव्हतं.

तिने दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगितली. तिच्या रिंकवर सकाळी शाळेची मुलं स्केटिंगला येतात. एका सांध्यातून अमोनिया गळायला लागला. ती तेव्हा दुकानात दूध घेत होती. फोन वाजला, ती तशीच धावली, आणि शेवटचं मूल बाहेर काढलं तेव्हा आत डोळे उघडता येत नव्हते. दूध दुकानाच्या काउंटरवरच राहिलं.

मी विचारलं, प्लगिन बंद पडणार हे सगळ्या गावांना आधी कळवता नाही का येणार? ती म्हणाली, "तेच तर. ते बंद पडलेलं दिसणारच नाही. पडद्यावर 'संदेश पाठवला' असंच येईल. जाणार कुठेच नाही. आणि हाताने दुरुस्ती बसवायला तिथे बसलंय कोण? दिवसा गॅरेज चालवणारे, संध्याकाळी रिंक बघणारे. नवी आवृत्ती आली असं दिसलं की बटण दाबतात. तेवढंच येतं त्यांना, आणि तेवढंच यायला हवं."

मी तिला म्हणालो की तिची कळकळ मला समजते. तिने एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही, आणि त्याबद्दल लगेच माफीही मागितली. एकूण सभ्य बाई आहे.

रोल्फला स्मरणपत्र क्रमांक दोन पाठवलं.

१४ जानेवारी, बुधवार

ईशबेलचं म्हणणं, नियम बाजूला ठेवू आणि आजच परवानगी देऊ. मी नाही म्हणालो. तिला एकोणीसशे एक्क्याण्णवची हकीकत सांगितली. कार्यालयात एक माणूस आला. भाऊ वारला म्हणाला, शेत माझ्या नावावर करा. डोळ्यांत पाणी होतं. कागदपत्रं चोख होती. माझ्या वरिष्ठांनी त्याला सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारी भाऊ आला.

ईशबेल म्हणाली, "ऑल्डन, ही गोष्ट तू मला अकरा वर्षांत नऊ वेळा सांगितलीयस. यात कोणाच्या फुप्फुसात अमोनिया जात नाही." मग तिने विचारलं, रोल्फला फोन केलास का? नियमात ईमेल लिहिलेलं आहे, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "बरं, मग हे सांग. तो तुझ्यावर रागावलाय का?"

मला तसं वाटत नाही. तरी जुना पत्रव्यवहार काढून पाहणार आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

पत्रव्यवहार काढला. चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. तेव्हा मी नियम ५ प्रमाणे वार्षिक छाननी करत होतो. दोन वर्षांत एकही आवृत्ती निघाली नाही तर प्लगिनवर 'मालक हवा' अशी पाटी लागते. तशी पाटी लागणार असल्याचं मी रोल्फला कळवलं होतं. त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवतो:

"वीब, माझी बायको सीगरून महिनाभर दवाखान्यात आहे. प्लगिन नीट चालतंय, काही बदलायची गरज नव्हती म्हणून आवृत्ती काढली नाही. बर्फ वितळला की बघतो. तोवर पाटी लावू नका."

माझं उत्तर:

"प्रिय श्री. ब्यार्नासन, आपल्या कौटुंबिक अडचणीची नोंद घेतली आहे. तथापि नियम ५ मध्ये ऋतूंची तरतूद नाही. चौदा दिवसांत नवी आवृत्ती चढवल्यास पाटी लागणार नाही. आपला, ए. वीब."

सभ्य पत्र आहे. दोन्ही बाजूंचा विचार आहे. तेराव्या दिवशी त्याने आवृत्ती चढवली. आत काहीच बदललं नव्हतं, फक्त क्रमांक २.६ चा २.७ झाला होता. नियमात तेवढं पुरतं. मी आभाराचं पत्र पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही, पण आभाराच्या पत्राला उत्तर द्यायचं नसतंच. त्यानंतर दर वेळी मुदतीआधी त्याने नुसता क्रमांक बदलला आहे, पण कोणालाच काही लिहिलेलं दिसत नाही.

रागावण्यासारखं मला यात काही सापडलं नाही. नाश्त्याच्या वेळी डोरीनला दाखवलं, एखादा शब्द चुकीचा गेला आहे का बघ म्हणून. तिने दोनदा वाचलं. उठून कप धुतला. तो आधीच धुतलेला होता.

मग म्हणाली, "कुठे राहतो हा?"

विन्यर्डला, मी म्हणालो, सव्वातीन तास.

"शनिवारी जाऊ. गाडी मी चालवीन."

मी म्हणालो, नियमात प्रत्यक्ष भेटीची तरतूद नाही. ती म्हणाली की तिला विन्यर्डला जायचंच होतं. कशासाठी, ते विचारल्यावर तिला आठवलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी आठला निघालो. रस्ता गोठलेला, पण वारा नव्हता. रेमोरला कॉफी घेतली. वाटेत डोरीन एकदाच बोलली. तिने विचारलं की तिथे पोहोचल्यावर मी काय बोलणार आहे. काल पाठवलेल्या स्मरणपत्र क्रमांक तीनची छापील प्रत बरोबर आणली आहे, असं सांगितलं. त्यानंतर तिने रेडिओ लावला.

रोल्फ आजारी असेल, किंवा घर सोडून गेला असेल, असं मी धरून चाललो होतो. तो गॅरेजमध्ये बर्फ फेकायच्या यंत्राची साखळी बसवत होता. उंच माणूस, सत्तरीचा. तब्येत उत्तम. माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही वीब." डोरीनला म्हणाला, "तुम्ही आत या, थंडी आहे."

स्वयंपाकघरात त्याने कॉफी केली. टेबलाखाली एक म्हातारा कुत्रा झोपलेला होता. मी विचारलं की माझी पत्रं त्याला मिळाली नाहीत का.

"मिळाली. तिन्ही. तिसऱ्यावर तुम्ही 'स्मरणपत्र क्रमांक तीन' असं लिहिलंयत. मला मोजता येतं."

"आणि जोलीन कार्डिनलची?"

"तीही वाचली. तिची दुरुस्ती चांगली आहे. माझ्यापेक्षा नीटनेटकं लिहिते."

मग उत्तर का दिलं नाही, असं विचारणार एवढ्यात डोरीन म्हणाली, कुत्र्याला बाहेर जायचंय वाटतं. कुत्रा घोरत होता. तिने त्याला उठवलं, कोट घातला आणि ती त्याला घेऊन गेली. बाहेर उणे सव्वीस होतं. मला खिडकीतून ती दोघं अंगणात नुसती उभी दिसत होती.

रोल्फ बसला. यानंतर तो जे बोलला ते आठवेल तसं लिहितो.

"त्या वेळी मी रोज सकाळी सातपासून सीगरूनजवळ बसायचो. ती बहुतेक वेळ झोपेतच असायची. औषधं तशी होती. तुमचं पत्र आल्यावर मी ठरवलं, जाऊ दे, लागू दे पाटी. मग वाटलं, पाटी लागली आणि कोणी भलत्यानेच प्लगिन उचललं तर? तीनशे गावं आहेत. म्हणून एक दिवस लॅपटॉप घेऊन खाली भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत गेलो. वर सिग्नल नव्हता. अर्धा तास लागला. क्रमांक बदलायला अर्धा तास, कारण मला पासवर्ड आठवेना. वर आलो तर नर्स म्हणाली, अहो, आत्ताच जाग आली होती त्यांना. चांगल्या हुशारीत होत्या. खूप बोलल्या. तुमची चौकशी करत होत्या."

मी विचारलं, मग?

"मग काही नाही. परत झोपली. त्यानंतर तशी जागी झाली नाही. नऊ दिवसांनी गेली."

मी मनात तारखा लावून पाहिल्या. म्हणालो, "तो तेरावा दिवस होता. अजून एक दिवस शिल्लक होता."

हे मी का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. माहिती बरोबर होती.

"हो," रोल्फ म्हणाला. "शिल्लक होता."

त्याने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मी मागितली नव्हती. मग म्हणाला, "मला तुमचा राग राग करायचा नाहीये, वीब. चार वर्षं केला, दमलो. पण मी उत्तर देणार नाही. मी हो म्हटलं की तुमचा नियम पाळला गेला, तुम्ही खूण कराल आणि पुढच्या विनंतीकडे वळाल. माझा त्या बाईला विरोध नाही. मी फक्त गप्प आहे. यादी तुमच्या हातात आहे. तुम्ही काय करता ते मला बघायचंय."

मी म्हणालो, विरोध नाही हे त्याने लिहून दिलं तर संमती धरता येईल. नियम ६ प्रमाणे तोंडी संमती चालत नाही.

"ठाऊक आहे," रोल्फ म्हणाला. "वाचलाय मी नियम सहा."

दार उघडून डोरीन आली. कुत्र्याच्या भुवयांवर बर्फ जमला होता. रोल्फने टॉवेलने त्याचं तोंड पुसलं आणि आम्हाला दारापर्यंत सोडलं. डोरीनचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. माझ्याशीही हात मिळवला.

परतताना डोरीनने काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, ते शिल्लक दिवसाचंही. तिने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. मला वाटलं टायरचं काहीतरी. ती दोन मिनिटं स्टिअरिंग धरून बसली आणि मग परत निघाली. टायर ठीक होता.

१८ जानेवारी, रविवार

दुपारचं जेवण उरलं. सूप खारट होतं. डोरीनला तसं वाटलं नाही.

तीन वाजता आमच्या गावच्या रिंकवर गेलो. मी एरवी जात नाही. रविवारी दुपारी म्हाताऱ्यांचं स्केटिंग असतं, ऑर्गनचं संगीत लावतात. सेहेचाळीस माणसं होती. मी दोनदा मोजली. एक नवरा-बायको हात धरून फिरत होते, दोघंही ऐंशीच्या वर. बाई प्रत्येक फेरीत काहीतरी सांगायची आणि तो प्रत्येक फेरीत मान डोलवायचा. त्याला ऐकू येत असेल असं वाटलं नाही.

रिंक बघणाऱ्या माणसाला विचारलं, इथे अमोनियाचा इशारा कोणाला जातो? तो म्हणाला, मला, माझ्या बायकोला आणि अग्निशमन दलाला. संदेश आला नाही तर काय करता, असं विचारलं. "आला नाही तर काही झालेलं नसतं," तो म्हणाला.

घरी येऊन नऊही नियम वाचले. आजारपण, मृत्यू, वाट पाहणारी माणसं यांचा उल्लेख कुठेही नाही. लिहिताना असं काही राहून गेल्याचं जाणवलं नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी नऊला एल्म क्रॉसिंगच्या नगर कार्यालयात फोन केला. जोलीन कार्डिनल नावाची कोणी तिथे काम करते का, एवढंच विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "जोलीन? ती काय समोर बर्फ घासतेय. बोलावू?" मी म्हणालो, नको, घासू दे.

मग ईशबेलला जोलीनची दुरुस्ती ओळ न ओळ वाचायला सांगितलं. एक्केचाळीस ओळी होत्या. तिने दोनदा वाचल्या. काही भलतंसलतं नाही म्हणाली. पुढे म्हणाली, हे तू मला दहा तारखेलाच सांगू शकला असतास. खरं आहे.

अकरा वाजता यादी उघडली. नाव घालणं म्हणजे एक ओळ. त्यापुढे 'कारण' असा रकाना असतो. तो मीच सक्तीचा केलेला. आजवर तिथे 'नियम ४ प्रमाणे' किंवा 'नियम ७ प्रमाणे' असं लिहीत आलो. आज काय लिहावं ते सुचेना. 'तातडी' लिहून खोडलं. 'मालकाचा विरोध नाही (तोंडी)' लिहून खोडलं. एक मोठा परिच्छेद लिहिला, त्यात सीगरूनचं नाव आलं, म्हणून तोही खोडला. ते तिथे शोभलं नसतं.

शेवटी लिहिलं: "उद्यापासून धोक्याचा संदेश जाणार नाही. चौदा दिवस थांबलो नाही. निर्णय माझा. ए. वीब."

ईशबेलची संमती चार मिनिटांत आली. सोबत एक ओळ: "तू बरा आहेस ना?"

जोलीनने एक वाजून वीस मिनिटांनी आवृत्ती ३.० चढवली. तिला फोन करून सांगितलं की प्रत्येक ठिकाणी ती पोहोचली का ते उद्या बघू. ती म्हणाली, "वीब साहेब, तुमच्याबद्दल मी जे बोलले ना, ते..." मी म्हणालो, त्याबद्दल माफी मागून झाली आहे. ती म्हणाली, "नाही, नंतर नवऱ्याजवळ बोलले ते."

डोरीनला सांगितलं की मी नियम मोडला. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओव्हन बघायला गेली. काल उरलेलं सूप मी संपवलं. आज खारट लागलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी पाहिलं तर तीनशे बारांपैकी दोनशे अडुसष्ट ठिकाणी बटण दाबलं गेलं होतं. चव्वेचाळीस राहिली. कोण राहिलंय त्याची यादी आम्हाला आणि प्लगिनवाल्यांना दिसते. जोलीनला कामावरून सुट्टी नव्हती. मी गावांची नावं वर्णानुक्रमे लावली आणि फोन घेऊन बसलो. डोरीन इंटरनेटवरून नंबर शोधून देत होती.

प्रत्येकाला तेच सांगायचं: पडद्यावर नवी आवृत्ती दिसतेय, बटण दाबा. सहाव्या गावात एका माणसाने मला काहीतरी विकणारा समजून फोन ठेवला. परत केला, परत ठेवला. तिसऱ्या वेळी डोरीनने फोन घेतला आणि म्हणाली, "हे बघ, आमच्याकडे विकायला काही नाही, ते बटण दाब आणि जेवायला जा." त्याने दाबलं. बाराव्या गावात रिंकची किल्ली असलेल्या बाईंची चाचणी परीक्षा होती, ड्रायव्हिंगची, चौथ्यांदा. त्यांची वाट पाहिली. पास झाल्या. मग दाबलं.

दुपारी अडीचला तेविसावं गाव लागलं. तिथला माणूस म्हणाला, "झालं की. आत्ताच फोन आला होता."

चोविसावं, तेही झालेलं. पंचविसावं, झालेलं. मला वाटलं जोलीनने मधल्या सुट्टीत केले असतील. पण पंचविसाव्या गावचा म्हातारा गप्पिष्ट होता. म्हणाला, "भला माणूस होता फोनवर. विन्यर्डकडचा. माझ्या काकांना ओळखत होता. आमचं अर्धा तास चाललं."

मी फोन ठेवला. डोरीन पुढचा नंबर हातात घेऊन थांबली होती. मी म्हणालो, पुढची झाली आहेत. कोणी केली, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने नंबरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. रोल्फ तळापासून वर येत होता.

चार वाजता यादी रिकामी झाली. तीनशे बारा.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज चौदा दिवस पुरे झाले. रोल्फचं लेखी उत्तर आलेलं नाही. नियमाप्रमाणे आज परवानगी देता आली असती.

वीस ते तेवीस या दिवसांत तीनशे बारा ठिकाणी काय घडलं ते मी तपासलं. एक इशारा गेला, मॅनिटोबातल्या एका कर्लिंग क्लबातून (तो खेळही बर्फावरचाच), बुधवारी दुपारी. पाच फोन वाजले. अग्निशमन दल मुखवटे लावून आत शिरलं. सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. अमोनिया कुठेच गळला नाही.

म्हणजे नियम पाळला असता तरी कोणाला काही झालं नसतं. जोलीनला फोन करून हे कळवलं. ती म्हणाली, "हे सांगायला फोन केलात?" हो म्हणालो. ती हसायला लागली. बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, उंदराला परत भूक लागली की कळवते.

ईशबेलने विचारलं, नियम ४ बदलायचा का? मी मसुदा करायला घेतला. एक ओळ लिहिली: "ईमेलला उत्तर आलं नाही तर फोन करावा." पुढची ओळ अजून झालेली नाही.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी दहाला रोल्फला फोन केला. बटणांबद्दल आभार मानायचे होते. मानले. तो म्हणाला, "ठीक आहे." फोन ठेवायला हरकत नव्हती.

मी म्हणालो, "त्या दिवशी सीगरून काय बोलल्या, ते नर्सने सांगितलं का तुम्हाला?"

रोल्फ म्हणाला, "हे अजून कोणी विचारलं नव्हतं."

मी म्हणालो की सांगायचं नसेल तर नको. आणखी म्हणालो की ते पत्र मी तसं लिहायला नको होतं. हे मी ठरवून म्हणालो नव्हतो. वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आलं.

"नको होतं," रोल्फ म्हणाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बसला असावा. "नर्स नवीन पोरगी होती, फिलिपिन्सची. सीगरून तिला केक कसा करायचा ते सांगत होती. सात थरांचा, आलुबुखार घालून, आमच्यात ख्रिसमसला करतात तो. सगळा. पीठ किती, वेलदोडा किती. त्या पोरीने निम्मं औषधांच्या कागदाच्या मागे लिहून घेतलं. थर पाचच लिहिलेत तिने. आणि मध्येच म्हणे सीगरून म्हणाली, रोल्फला नको सांगू, त्याला वाटतं ही कृती त्याच्या आईची आहे..."

तेवढ्यात डोरीन आत आली. कोणाचा फोन म्हणून विचारलं. रोल्फचा, मी म्हणालो. काय म्हणतोय, तिने विचारलं. मी हात वर करून तिला थांबवलं, कारण तो अजून बोलत होता.